‘कीप’ची मागची बाजू

इंग्रजीचे मास्तर ‘कीप’ म्हणजे ‘ठेवणे’ एवढं सांगून मोकळे होतात आणि मुलंही तेवढंच पाठ करून मोकळी होतात. कोशाच्या कचेरीत असं मोकळं होता येत नाही. तिथे या एवढ्याशा क्रियापदाने चौदा महिने खाल्ले, दोन रिमं कागद खाल्ला, मोठ्या बाईंच्या चष्म्याचा नंबर वाढवला, आणि शेवटी ज्या माणसाने ते पुरं केलं त्याच्याशी त्याच्या बायकोने बोलणं टाकलं. पहिली तीन नुकसानं भरून निघण्यासारखी होती.

त्या माणसाचं नाव हजेरीपटात आहे, ते तिथेच असू द्या. कचेरीत आणि घराच्या जिन्यात सगळे त्याला टिपकागद म्हणत. वय अठ्ठावन्न, अंगाने किरकोळ, पण शर्टाचा खिसा कायम फुगलेला. खिशात कोरी कार्डं आणि बोटाएवढी पेन्सिल. कुणी काही बोललं की याची बोटं निघालीच खिशाकडे. शेजारचा घड्याळं दुरुस्त करणारा एकदा जिन्यावरून घसरला आणि कळवळून ओरडला, तर या गृहस्थाने आधी त्याचं ओरडणं लिहून घेतलं आणि मग हात दिला. घड्याळवाला वर्षभर फुगून होता. का फुगला ते टिपकागदाला कळलं नाही. ओरडणं फार चांगलं होतं, असं त्याचं आजही मत आहे.

आता दोष सगळा त्याचाच असंही नाही. नियम मोठ्या बाईंचा. मोठ्या बाई म्हणजे कोशाच्या मुख्य संपादक. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, भिंतीभर लाकडी खणांच्या मधोमध बसून त्या एकोणीस वर्षं इंग्रजी-मराठी कोश करत होत्या आणि नुकत्या कुठे ‘के’ अक्षराशी आल्या होत्या. त्यांचा पहिला नियम असा, की कोशातलं मराठी वाक्य कुणाच्या तरी तोंडून निघालेलं असलं पाहिजे.

“टेबलाशी बसून जन्माला घातलेलं वाक्य मला नको,” त्या म्हणायच्या. “‘मुलगा चेंडू ठेवतो.’ कोण मुलगा? कुठे ठेवतो? बोलतं का कुणी असं? आणि ‘साधारण असं म्हणाला’ हे तर मुळीच चालायचं नाही. जसं म्हणाला तसं.”

म्हणून कार्डं. पुढच्या बाजूला इंग्रजी क्रियापद, अर्थाचा क्रमांक आणि मराठी वाक्य. मागच्या बाजूला चार गोष्टी: कोण बोललं, कुठे, कधी आणि कसं. हसत की रागात की उगाच, तेही लिहायचं. मागची बाजू कचेरीपुरती. छापायची ती फक्त पुढची.

‘कीप’चे अर्थ निघाले चौतीस. इंग्रजीत रिटेन, प्रिझर्व्ह, मेन्टेन असे त्याचे सुटाबुटातले नातलग आहेत. ते आपापलं एकेक काम करतात आणि घरी जातात. ‘कीप’ बिचारं घरच्या कपड्यांत सगळ्यांची कामं उपसत बसतं. आणि मराठीत आणावं तर त्याला एक जागा म्हणून मिळत नाही. किल्ली ठेवायची, शब्द पाळायचा, मान राखायचा, राग मनात धरायचा, पैसा बाळगायचा, आईची शाल जपायची, म्हाताऱ्या माणसाला सांभाळायचं, दुधाने टिकायचं, पाहुण्याला अडवून ठेवायचं, आणि कुणी ‘कीप क्वाएट’ म्हटलं तर काहीच ठेवायचं नाही, नुसतं गप्प बसायचं. एवढी माणसं एवढ्या तऱ्हांनी बोलताना गाठायची कुठे? टिपकागदाला त्याची चिंता नव्हती. त्याच्या घरात बायको होती.

बायको कपडे उसवून-दुरुस्त करून द्यायची. पुढच्या खोलीत तिचं विजेवर चालणारं मशीन, भिंतीला गिऱ्हाइकांचे कोट टांगलेले, आणि तिचं तोंड दिवसभर चालू. कोशाच्या दृष्टीने ती सोन्याची खाण होती. ‘हे दूध उद्यापर्यंत टिकायचं नाही, आत्ताच पिऊन टाका.’ गेला अर्थ सहा. ‘दिलेला शब्द पाळाल तर शप्पथ.’ गेला अर्थ अकरा. ‘कोट इथे ठेवू नका म्हणून कितीदा बोंबलायचं मी?’ यात तर ठेवण्याचा आणि तेच तेच करत राहण्याचा असे दोन अर्थ एका झटक्यात निघाले आणि टिपकागद त्या दिवशी कचेरीत शीळ घालत गेला.

‘कीप’ पुरं झालं तेव्हा मोठ्या बाईंनी ठरवलं, की अख्खा कोश निघायला अजून बरीच वर्षं आहेत, तोवर वर्गणीदारांना निदान हे एक क्रियापद नमुना म्हणून पाठवावं. सोळा पानांची पुस्तिका, तीनशे प्रती. कार्डं छापखान्यात गेली. तिथला जुना जुळारी, म्हणजे अक्षरं जुळवणारा माणूस, कार्डाची पुढचीच बाजू घ्यायची हे जाणून होता. पण तो आदल्याच महिन्यात निवृत्त झाला. त्याच्या जागी जो आला त्याची उभी हयात कोर्टाचे कागद जुळवण्यात गेलेली. कोर्टाच्या कागदाची मागची बाजू सोडली तर नोकरी जाते. त्याने इमानेइतबारे दोन्ही बाजू जुळवल्या.

तरी अजून काही बिघडलं नव्हतं. मुद्रितं तपासायला टिपकागदाकडे आली. त्याने तीन दिवस एका हाताशी कार्डं आणि दुसऱ्या हाताशी मुद्रितं ठेवून, ओळीवर बोट फिरवत सगळं ताडून पाहिलं. जे कार्डावर तेच कागदावर, काना-मात्रेचा फरक नाही. त्याला फार समाधान वाटलं. एक चूक मात्र त्याने पकडली. सतराव्या अर्थाखाली ‘पत्नी, स्वयंपाकघर, वैतागून’ असं लागलं होतं, ते त्याने लाल शाईने ‘पत्नी, गॅलरी, वैतागून’ असं दुरुस्त केलं. मग सही केली आणि पुस्तिका छापून टपालाने तीनशे घरी गेली.

त्यातलं एक घर ताईंचं होतं. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. तिला वर्गणीदार करून घेतलं होतं ते खुद्द टिपकागदानेच.

रविवारी सकाळी फोन वाजला. बायकोने घेतला. बराच वेळ ती नुसती “हं” म्हणत होती. मग म्हणाली, “हो, मीच म्हटलंय. पण ते तुला कुणी...” आणि थांबली. मग फोन खाली ठेवला. फडताळात आठवडाभर पडलेली पुस्तिका तिने काढली. टिपकागदाने ती मोठ्या हौसेने आणून दिली होती आणि तिने सवडीने वाचू म्हणून ठेवली होती. आता तिने ती उभ्या उभ्या वाचली. नवव्या अर्थाशी आली तेव्हा तिचा चेहरा उतरला.

तिथे असं होतं: ‘परत न देणे, हट्टाने स्वतःजवळ ठेवून घेणे. “आईचं मशीन ताईने स्वतःकडेच ठेवून घेतलं. मी गेले की मुद्दाम बाहेर काढून ठेवते, मला दाखवायला.” पत्नी, स्वयंपाकघर, भाजी चिरताना, रडत.’

“सत्तावीस,” बायको म्हणाली. तिने मोजले होते. “चौतीसपैकी सत्तावीस ठिकाणी मी. मी वैतागून, मी रागात, मी रडत. तीनशे घरांत.”

“तीनशेतल्या चाळीस ग्रंथालयांना गेल्यात,” टिपकागद म्हणाला. त्याला खरोखर वाटलं की याने तिला बरं वाटेल.

बायकोने पुस्तिका मिटली. “आता यापुढे माझ्या तोंडचं एक वाक्य तुम्हाला मिळायचं नाही.”

आणि या माणसाने, काय सांगावं तुम्हाला, खिशातून कार्ड काढलं. मुद्दाम नाही हो. हात गेला. ‘गेट’ या क्रियापदाखाली ते वाक्य छान बसत होतं. अर्धं लिहून झाल्यावर त्याने मान वर केली, तर बायको बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्याला सोसला असता. राग नव्हता. ती आत गेली.

त्यानंतर घरात शब्द नाही. जेवण वेळेवर, कपडे धुतलेले, चहा समोर, पण शब्द नाही. शिवताना ती पूर्वीही तोंडात टाचण्या धरायची. आता टाचायचं काही नसलं तरी टिपकागद घरात आला की ती टाचण्या तोंडात धरायला लागली. गिऱ्हाईक आलं तर बोटाने खाणाखुणा करायची. गिऱ्हाइकं टिपकागदाकडे बघायची आणि टिपकागद भिंतीवरच्या कोटांकडे बघायचा.

पहिले दोन दिवस त्याला वाटलं, निवळेल. चौथ्या दिवशी त्याच्या तोंडचं पाणी पळालं. सहाव्या दिवशी तो कचेरीतून लवकर निघाला आणि घराच्या जिन्यात थांबला. आतून तिचा आवाज येत होता. कुणाला तरी सांगत होती, की बाहीचं कापड जास्त ठेवलंय, पुढे सैल करता येईल. त्याने ते ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि त्याला रडू यायला लागलं. खिशाचा त्याला विसर पडला होता. तेवढ्यात पायरी करकरली आणि आतला आवाज बंद झाला. ही बाई आता उरलेला जन्म आपल्याशी बोलली नाही तर काय करायचं, हे त्याला कळेना. कोशाचं राहू द्या. त्याला ती हवी होती.

बाराव्या दिवशी मोठ्या बाईंनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर पत्रांचा ढीग होता. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं, की कोशाचं काम उत्तम आहे आणि त्यातही प्रत्येक वाक्याखालची माहिती अत्यंत वाचनीय आहे. पत्नींची प्रकृती आता कशी आहे, असंही त्यांनी विचारलं होतं.

“सत्तावीस,” मोठ्या बाई म्हणाल्या. “दुसरी माणसं बोलत नाहीत का तुमच्याकडे?”

“बोलतात. पण तिच्यासारखं कुणी बोलत नाही.”

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. “हे त्यांना सांगितलंत कधी?”

टिपकागदाने विचार केला. “तशी नोंद नाही,” तो म्हणाला.

“ऐका. पुस्तिका मागे घेतलीय. पुन्हा छापायची, मागच्या बाजू वगळून. पण त्यांची वाक्यं घ्यायची तर त्यांची लेखी संमती लागेल. ‘कीप’चीच नाही, आजवरची सगळी. त्यांची जेवढी कार्डं असतील तेवढ्यांची यादी करा, तारीखवार, आणि सही आणा. नाही दिली तर सगळी रद्द. मग बसा पुन्हा ‘ए’पासून.” आणि मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, “सही मागायला तरी बोलावं लागेलच तुम्हाला.”

तेव्हा टिपकागद खणांपुढे बसला. बायकोची कार्डं निघाली सहाशे अकरा. एकोणीस वर्षं त्याने कार्डं लावली ती क्रियापदांप्रमाणे: ‘आस्क’ इथे, ‘टेक’ तिथे. तारखेप्रमाणे कधी लावली नव्हती, लावायचं कारणच नव्हतं. आता त्याने जमिनीवर सतरंजी टाकली आणि एकामागून एक कार्डं मागच्या बाजूने मांडत गेला. दुपार झाली. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत आला. त्या साली सासूबाई गेल्या होत्या.

‘टेक’खालचं कार्ड होतं: ‘घर रिकामं करायला मला पोचायला उशीर झाला, तोवर ताई मशीन घेऊन गेली होती.’ पत्नी, जिना, दमून. तेव्हा त्याला हे वाक्य आवडल्याचं आठवत होतं, ‘तोवर’मुळे.

त्याच्या पुढच्या महिन्यात, ‘स्पीक’: ‘तुम्ही एकदा ताईशी बोलून बघा ना.’ पत्नी, स्वयंपाकघर, विनंती.

मग ‘आस्क’: ‘मी मागितलं तर भांडण होईल, तुम्ही विचारा.’ विनंती. मग ‘लिसन’: ‘माझं नाही ऐकायची, तुमचं ऐकेल ती.’ मग ‘टीच’: ‘त्याच मशीनवर आईने मला शिकवलंय हो.’ मग ‘रिमाइंड’: ‘आठवण करून देतेय, ताईचं तेवढं बघा.’ घाईत. पुढच्या वर्षी पुन्हा ‘स्पीक’, पुन्हा विनंती. मग ते ‘कीप’चं नववं, रडत. मग ‘मॅनेज’: ‘जाऊ दे, तुम्हाला नाही जमायचं.’ हसत. आणि तीन वर्षांपूर्वीचं ‘ड्रॉप’: ‘मी तो विषय सोडलाय आता.’ शांतपणे. त्यानंतर मशीनचं एकही कार्ड नव्हतं.

टिपकागद सतरंजीवर बसून राहिला. दहा कार्डं. अक्षर स्वच्छ, तारखा बिनचूक. ती एकच गोष्ट आठ वर्षं सांगत होती, आणि त्याने ती नऊ खणांत टाकली होती.

आपण काय उत्तर दिलं होतं, ते तो आठवायला लागला. कार्ड असणार नव्हतं. कोशकाराचं स्वतःचं बोलणं पुरावा धरायचं नाही, हाही मोठ्या बाईंचाच नियम. त्याने डोळे मिटले. स्वयंपाकघर आठवलं, भाजीची सुरी आठवली, तिचे पुसलेले डोळे आठवले. आणि मग त्याला आपलं उत्तर आठवलं. प्रत्येक खेपेला एकच होतं.

“थांब,” तो म्हणाला होता. “परत म्हण.”

तिला वाटलं असेल, मनावर घेतोय. म्हणून तिने प्रत्येक खेपेला परत म्हटलंही होतं.

त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. तो उठला, खिशातली कार्डं आणि पेन्सिल काढून टेबलावर ठेवली आणि जिना उतरून बस पकडली.

ताईंनी दार उघडलं आणि त्याला बघून कपाळाला आठ्या घातल्या. “या कोशकार,” त्या म्हणाल्या. बसायला सांगितलं नाही, पण दारातून बाजूला झाल्या, तेव्हा तो आत आला. टेबलावर पुस्तिका उघडी पडलेली, नववा अर्थ पेन्सिलीने गोल केलेला. आणि शेजारच्या ठेंगण्या कपाटावर, समोरच दिसेल असं, ते मशीन: हाताने चाक फिरवायचं, लाकडी झाकणाचं, काळं, सोनेरी वेलबुट्टी निम्मी पुसलेली.

“‘हट्टाने’!” ताई म्हणाल्या. “मी हट्टाने ठेवून घेतलं?”

“‘हट्टाने’ हा शब्द मोठ्या बाईंचा आहे,” टिपकागद म्हणाला. मग त्याला वाटलं की हे सांगायला आपण इतक्या लांब आलो नाही. “ताई, मी मशीन मागायला आलोय. तिला ते हवंय. तिने मला अकरा वर्षांपूर्वी सांगितलं होतं, तुमच्याशी बोला म्हणून. मी बोललो नाही. तिची चूक नाही, माझी आहे.”

ताईंनी त्याच्या खिशाकडे बघितलं. “आज लिहून घेत नाही?”

“कार्डं आणली नाहीत.”

तेव्हा ताई खुर्चीत बसल्या आणि बोलायला लागल्या. तासभर बोलल्या. मध्ये एकदा रडल्या, एकदा त्याला चांगलंच फैलावर घेतलं, एकदा उठून चहा टाकला. त्यातलं एकही वाक्य जसंच्या तसं तुम्हाला मिळायचं नाही, कारण ज्याने ते लिहून घ्यायचं तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा नुसता ऐकत बसला होता.

मशीन वजनाने चांगलं दणदणीत होतं. ताईंनी ते जुन्या चादरीत बांधून दिलं. टिपकागद दर वीस पावलांवर थांबत स्टॉपवर पोचला. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, “काका, सामान मांडीवर घ्या, वाटेत नको,” आणि काकांनी ते सगळा रस्ता मांडीवर घेतलं. घराचा जिना चढताना घड्याळवाला भेटला. त्याने चादरीची एक बाजू धरली. जुना राग त्याने सोडला होता की ओझं बघून त्याला कीव आली, ते त्यालाच माहीत.

बायको कोटाचं अस्तर उसवत होती. टिपकागदाला बघताच तिने टाचण्यांच्या डबीकडे हात नेला. मग तिला चादर दिसली. चादरीतून लाकडी झाकणाचा कोपरा वर आला होता, एका बाजूने तासल्यासारखा. तो कोपरा तिनेच लहानपणी पाडून मोडला होता. तिचा हात डबीवर तसाच राहिला.

टिपकागदाने मशीन टेबलावर ठेवलं, चादर सोडली आणि झाकण काढलं. बायको जवळ आली. तिने चाकावर हात ठेवला, थोडं फिरवलं. सुई खाली गेली, वर आली. मशीनचा एक रबरी पाय कधीचा गळून पडला होता, त्यामुळे ते एका अंगाला कलत होतं आणि चाक फिरवलं की टेबलावर टकटक वाजत होतं.

“डगमगतंय,” बायको म्हणाली.

बारा दिवसांत पहिला शब्द. टिपकागदाचा हात खिशाकडे गेला. अहो, एकोणीस वर्षांची सवय! सगळी कार्डं कचेरीत काढून ठेवली असं त्याला वाटत होतं, पण एक खिशाच्या शिवणीत अडकून राहिलं होतं, ते नेमकं बोटांत आलं. कोरं करकरीत. बायकोचे डोळे त्या कार्डावर. तिचे ओठ मिटले.

टिपकागदाने कार्डाकडे बघितलं. मग त्याची मधोमध घडी घातली, पुन्हा घातली, आणखी एकदा घातली, मशीन जरासं उचललं आणि ती घडी तुटक्या पायाखाली सरकवली. बायकोने चाक फिरवून बघितलं. मशीन स्थिर होतं.

“ताईकडे गेला होतात?”

“हो.”

“तुम्ही बोललात तिच्याशी?”

“बोललो. उशीर झाला, पण बोललो. तू सांगितलं होतंस तेव्हाच जायला हवं होतं. चुकलं माझं.”

बायको स्टुलावर बसली. एक हात अजून चाकावर. “काय म्हणाली ती?”

टिपकागदाने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं, की त्याला एकही वाक्य येत नाही. “शब्द नाही आठवत,” तो म्हणाला.

“तुम्हाला?”

“मी ऐकत होतो.”

बायकोने त्याच्याकडे नीट बघितलं, बारा दिवसांत पहिल्यांदाच. “मग तुमच्या शब्दांत सांगा.”

आता हे त्याने कधी केलं नव्हतं. मोठ्या बाई असत्या तर त्यांनी उठून खोलीबाहेर काढला असता. तो चाचरत बोलायला लागला. म्हणाला, की त्या दिवशी मशीन भंगारवाल्याच्या हातगाडीवर चाललं होतं, म्हणून ताईंनी ते उचललं. तुझ्याकडे विजेवरचं होतं, तुला हे जुनं कशाला हवं असेल असं त्यांना वाटलं. नंतर तुझा चेहरा बघून त्यांना कळलं, पण आपणहून द्यायला लाज वाटली, की इतके महिने का ठेवलं म्हणशील. म्हणून तू येणार असलीस की त्या ते आतून काढून समोर ठेवायच्या. तू मागशील म्हणून. नुसतं ‘ताई, मला दे’ म्हणालीस तरी त्या देणार होत्या. दाखवायला नव्हतं गं ते. तू मागावंस म्हणून होतं. अकरा वर्षं त्या तू मागायची वाट बघतायत, तू गेलीस की पुन्हा उचलून आत ठेवतायत, आणि त्यांची कंबर दुखते.

बायकोच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. एका गिऱ्हाइकाने दार वाजवलं, तिने उघडलं नाही. मग ती चाकावरचा हात काढून म्हणाली, “थांबा. परत सांगा.”

आणि त्याने परत सांगितलं. दुसऱ्या खेपेला शब्द बरेच वेगळे झाले, कंबरेचं आधी आलं आणि भंगारवाल्याचं नंतर. तिने एकही चूक काढली नाही.